कुणी सांगितलं?

कागल,
रविवार

प्रिय आण्णा,

पत्र बघून तुम्ही घाबराल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, मी बरी आहे. तानामावशी दोन्ही वेळा पुढ्यात बसून जेवायला घालते आणि दुपारी खिडकीला चादर बांधून मला झोपवते. डॉक्टरांनी मोबाईलकडं बघायला मनाई केली आहे, आणि फोनवर आपलं दोघांचं बोलणं कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही विचारता, "जेवलीस का?" मी म्हणते, "जेवले." तुम्ही म्हणता, "बरं." मग फोन आधी कुणी ठेवायचा, एवढंच उरतं. म्हणून कागद घेतला. थोडं लिहिलं की डोळ्यांमागं ठणका लागतो, मग थांबते. त्यामुळं अक्षर जागोजागी बदललेलं दिसलं तर त्यात काही शोधत बसू नका. पाकीट मी स्वतः चिकटवणार आहे आणि वरून चिकटपट्टीही लावणार आहे. मावशी उघडून वाचेल असं नाही. पण गेल्या काही आठवड्यांत मला कुणाचाच भरवसा वाटेनासा झाला आहे आणि ती सवय आता हाताला लागली आहे. हे एकट्यानं वाचा. आईला नंतर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

पुण्याच्या शिबिरात त्या दिवशी काय झालं ते मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. सकाळचा सराव संपवून आम्ही पोरी नळावर बूट धूत होतो. कोलंबोला जाणाऱ्या भारताच्या रग्बी संघाची नावं लागली होती आणि पहिल्या पंधरा जणींत माझं नाव होतं. तेवढ्यात संघाच्या डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं. मला वाटलं, पूर्वी मोडलेल्या खांद्याची तपासणी असेल. त्यांनी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "संयोगिता, सुट्टीच्या आधीच्या सराव सामन्यात तुझ्या डोक्याला मार लागला होता?" मी म्हटलं, "नाही." "नंतर उलट्या झाल्या?" "नाही." "घरी गेली होतीस तेव्हा विसरायला होत होतं?" मी तिसऱ्यांदाही नाहीच म्हटलं. हे तिन्ही प्रश्न कुणीतरी आतल्या माणसानं पुरवल्याशिवाय त्यांच्या तोंडी येणं शक्य नव्हतं. मग त्यांनी मला डोळे मिटून एका पायावर उभं केलं. मी कपाटावर जाऊन आदळले. त्यांनी काही साधे शब्द म्हणून दाखवले आणि थोड्या वेळानं परत विचारले, तर मला फक्त 'लिंबू' आठवला. मॅडम चांगल्या आहेत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मेंदूला मुका मार आहे, तो बरा होईपर्यंत तुला मैदानावर सोडता येणार नाही, कोलंबोला तर नाहीच नाही. मी एकच विचारलं, "कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "ते मी सांगणार नाही."

कोल्हापूरच्या एसटीत साताऱ्यापर्यंत मी तोंडावर ओढणी घेऊन रडत होते. साताऱ्यानंतर रडणं थांबलं आणि मी एकेक नाव घेऊन बघायला लागले. कोण असेल? कुणाला माहीत होतं? कुणाचा काय फायदा?

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण त्या गाडीत मला वाटत होतं की हे सगळं कुणीतरी एका वाक्यात माझ्याकडून काढून घेतलं. शिवाजी पेठेत पोरांच्यात फुटबॉल खेळणारी मी एकटी पोरगी होते. गांधी मैदानावर पोरं मला गोलात उभी करायची, कारण मी अंगावर येणाऱ्याच्या पायांत घुसायचे आणि कुणाला सोडायचे नाही. कॉलेजात विजयसिंह सरांनी तो लांबोडका चेंडू आणला तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो. तुम्ही पहिल्यांदा सामना बघायला आलात आणि मध्यंतरात मला जवळ बोलावून म्हणालात, "पुढं पळायचं आन् बॉल मागं टाकायचा? ह्यो कसला खेळ म्हणायचा?" पण दुसऱ्या हाफमध्ये मी त्या पुण्याच्या धिप्पाड पोरीला कमरेखाली धरून आडवी केली, तेव्हा तुम्ही खुर्चीवर उभे राहून ओरडलात, ते अजून सगळ्यांना आठवतं. आकाराम काका तालमीच्या कट्ट्यावरून तुम्हाला म्हणाले होते, "बाळासो, पोरीचं नाक मोडलं तर पावणं कोण येणार बघायला?" तुम्ही तिथल्या तिथं सांगितलंत, "नाक तिचं हाय, पावण्यांचं न्हाय." मी दाराआडून ऐकलं होतं.

मग ताश्कंद. अंगावर भारताची जर्सी आणि एवढी थंडी की बोटांना बुटाची नाडी कळत नव्हती. शेवटच्या काही मिनिटांसाठी मला आत सोडलं. आम्ही केव्हाच हरलो होतो. पण मी धावत जाऊन समोरचीला पाडलं, उठले, पुन्हा दुसरीला पाडलं. हॉटेलवरून फोन केला तर आई रडत होती, दादा काहीतरी विचारत होता, आणि तुम्ही फोन हातात घेऊन एवढंच विचारलंत, "कितीजणी पाडल्यास?" त्यानंतर मी जिथं जिथं खेळले, काठमांडूला, बँकॉकला, तिथून फोन केला की तुमचा पहिला प्रश्न तोच. हरलो का जिंकलो ते नंतर. लोकांना रग्बी म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. माझ्या नोकरीच्या बँकेत मॅनेजर साहेब मला अजून 'आमच्या हॉकी खेळाडू' म्हणूनच पाहुण्यांपुढं उभं करतात. खांद्याचं हाड मोडून मी घरी बसले तेव्हा पेठेत कुणी चौकशीही केली नाही. पण फ्लँकर म्हणजे काय हे तुम्हाला कळत होतं. ढकलाढकलीतून चेंडू बाहेर आला की सगळ्यांत आधी सुटायचं आणि समोरच्याला पाडायचं. तेवढंच माझं काम, आणि ते मला येत होतं. आता मी अठ्ठावीस वर्षांची आहे. कोलंबो हातचं गेलं तर पुढचं काय राहील, ते मला माहीत होतं. म्हणूनच तर मी गप्प बसले होते.

मार कसा बसला ते ऐका. सुट्टीच्या आधीचा सराव सामना होता, जिवावर बेतण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी नेहमीसारखी खाली वाकून घुसले आणि त्या पोरीचा गुडघा माझ्या कानशिलावर आला. पडल्यावर मला मैदान दिसत होतं, पण आवाज नव्हता. मग सगळे आवाज एकदम आले. मी उठले, अंगठा वर केला आणि खेळले. सामना संपल्यावर गाडीमागं जाऊन ओकले. तेव्हा स्वप्नाली माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. गडहिंग्लजची स्वप्नाली, तुम्ही तिला ओळखता, दिवाळीत आपल्याकडं राहून गेली होती. मी तिला म्हटलं, "कुणाला बोललीस तर बघ." आणि माझ्यानंतर फ्लँकरच्या जागी खेळणारी तीच होती.

म्हणजे पहिलं नाव तिचंच निघालं. मला आठवायला लागलं की नावं लागली त्या संध्याकाळी मी खोलीत शिरले तेव्हा ती कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती आणि मला बघून थांबली. मी सामान भरत होते तेव्हा तिनं माझ्या घड्या न मोडता कपडे पिशवीत लावून दिले, आणि मला वाटलं, एवढी मऊ वागते आहे ती उगाच नाही. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तिला फोन केला आणि नको ते बोलले. म्हटलं, "माझ्या जागेवर उभं राहायचं होतं तर मैदानात पाडायचं होतंस मला. पाठीमागनं कशाला?" ती म्हणाली, "मी न्हाय सांगितलं, संयु. सांगायला पायजे होतं खरं. मला भ्या वाटलं, लोक म्हणतील जागेसाठी सांगितलं." मी फोन बंद केला. मला वाटलं, किती छान पाठ करून ठेवलंय हिनं.

स्वप्नाली नाही तर मग कोण, असा विचार आला की मी स्नेहल वहिनीवर येऊन थांबायचे. वहिनी दवाखान्यात काम करते, तिला खाणाखुणा कळतात. सुट्टीला घरी आले होते तेव्हा तिनं माझ्या पिशवीतल्या डोकेदुखीच्या गोळ्या बघितल्या होत्या आणि विचारलं होतं, "एवढ्या कशाला लागत्यात गं?" मी म्हटलं होतं, मैत्रिणीच्या आहेत. आता ती माझ्या खोलीत चहा घेऊन आली तरी मला वाटायचं, ही बघायला आली आहे. ती अंघोळीला गेली असताना मी तिचा मोबाईल उघडून कुणाकुणाला फोन लावलेत ते बघितलं, आण्णा. पडद्याकडं बघून डोकं फुटायची वेळ आली, पण मी बघत राहिले. पुण्याचा एकही नंबर नव्हता. तेव्हा मला समाधान वाटायला हवं होतं. मला वाटलं, पुसून टाकले असतील.

मग मी सापळे लावायला लागले. वहिनीला मुद्दाम सांगितलं की माझ्या डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते. विजयसिंह सर भेटायला आले तेव्हा त्यांना सांगितलं की उजव्या हाताला मुंग्या येतात. आईला म्हटलं, सकाळी उठताना भोवळ येते. तिन्ही गोष्टी खोट्या. माझा हिशेब असा की डॉक्टर मॅडम फोनवर यातलं जे विचारतील, त्यावरून माणूस सापडेल. सर बिचारे घाबरून गेले, हातासाठी कुठल्याशा तेलाची बाटली घेऊन आले. आईनं रोज सकाळी माझ्या अंथरुणाशी येऊन उभं राहायला सुरुवात केली, आधाराला. आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचे की ह्यातलं खरं किती. घरात कुणी दोघं बोलताना थांबली की मला वाटायचं, माझ्याबद्दलच. बाहेर फटाका वाजला तरी डोक्यात कळ जायची आणि मला वाटायचं, मुद्दाम वाजवला. आता लिहिताना हे वेडेपणाचं दिसतं. तेव्हा ते अगदी बरोबर वाटत होतं.

तुमच्यासाठी मी सापळा लावला नव्हता. तुम्ही माझ्या यादीतच नव्हता. उलट मी तुम्हालाच म्हटलं होतं, "आण्णा, कोण असंल ते तुम्ही शोधून काढा." तुम्ही चपलेचा अंगठा नीट करत होता. वर न बघता म्हणालात, "सोड की. कुणीबी सांगितलं असंल." मी तेव्हाही थबकले होते, पण मला कशामुळं थबकले ते कळलं नाही. नंतर अंधाऱ्या खोलीत पडल्यापडल्या कळायला लागलं. पंचानं चुकीचा फाऊल दिला म्हणून शाहू स्टेडियमवर कठड्यावरून उडी मारून आत जाणारे तुम्ही. पेठेच्या पोराला उगाच लाल कार्ड मिळालं तर दोन दिवस जेवताना तेच बोलणारे तुम्ही. तुमच्या स्वतःच्या पोरीला संघातून काढलं, आणि तुम्ही विचारलंही नाहीत, कुणी चुगली केली म्हणून. मला घ्यायला स्टँडवर आलात तेव्हा 'काय झालं' असंही विचारलं नाहीत, माझी पिशवी घेतलीत आणि पुढं चालायला लागलात. मी पुण्याहून यायच्या आदल्या आठवड्यात सरावाचे दोन सामने खेळले होते. त्याबद्दलही तुम्ही विचारलं नाहीत, कितीजणी पाडल्यास. मी हे सगळं एकेक करून मनात मांडत गेले, आणि मलाच माझी लाज वाटली. म्हटलं, पोरी, तुझं डोकं खरंच बिघडलंय. आता बापावर संशय घेतेस.

मग डॉक्टर मॅडमचा फोन आला. आई तेव्हा देवळात गेली होती, तुम्ही उद्यमनगरात कामावर. त्यांनी झोप, भूक, डोकेदुखी सगळं विचारलं. कानातली शिट्टी नाही, मुंग्या नाहीत, भोवळ नाही. माझे सापळे सगळे रिकामे. आणि शेवटी त्या सहज म्हणाल्या, "आणि त्या दिवशी स्टँडवर झालं तसं परत झालं का? भलत्याच गाडीत जाऊन बसणं वगैरे?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

कागलच्या स्टँडवर माझ्याबरोबर फक्त तुम्ही होता. सुट्टीत मावशीच्या नातीच्या बारशाला आपण दोघं आलो होतो. परत निघताना तुम्ही मला म्हणालात, कोल्हापूरची गाडी लागली का बघ, मी पाणी घेऊन येतो. तुम्ही आलात तेव्हा मी निपाणीच्या गाडीत खिडकीशी बसले होते, तिकीट काढायला पैसे हातात धरून. तुम्ही खालून म्हणालात, "संयु, अगं ही निपाणीची." मला निपाणी म्हणजे काय तेच क्षणभर कळेना. उतरल्यावर तुम्ही विचारलंत, "आपण आल्तो कशाला हितं?" मी हसले. मला खरंच आठवत नव्हतं, आण्णा. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी होती तरी आठवत नव्हतं. मी म्हटलं, "मस्करी केली." तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. घरी पोचेपर्यंत तुम्ही तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलंत, डोकं दुखतंय का, मार लागला का, डॉक्टरांना सांगू या का. तिन्ही वेळा मी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या वेळी चिडलेसुद्धा.

मी मॅडमना विचारलं, स्टँडचं तुम्हाला कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, "मला वाटलं, एव्हाना त्यांनी तुला सांगितलं असेल." मग त्यांच्याकडून मला सगळं कळलं. ज्या दिवशी तुम्ही आईला सांगितलंत की बिद्रीच्या कारखान्यात मशीनचं काम निघालंय, त्या दिवशी तुम्ही पुण्याला आला होता. आमचा सराव चालला असताना तुम्ही पाण्याच्या टाकीमागं उभे होता, मला दिसू नये म्हणून. मॅडमच्या दारात तुम्ही चपला काढल्यात, त्यांनी नको म्हटलं तरी. तुम्ही फक्त स्टँडवरचं सांगितलंत, मार आणि उलट्यांचा अंदाज मॅडमनी त्यावरून केला. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी तुम्हाला बजावलं होतं की हे खरं निघालं तर तिला कोलंबोला जाता येणार नाही. तुम्ही म्हणालात, "ठाऊक हाय." आणि मग विचारलंत, "पुन्हा खेळता येईल न्हवं तिला?"

मी त्याच दिवशी कागलला जाते म्हणाले. मावशीला बरं नाही, असं खोटंच कारण दिलं. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत घरी आलात, माझी पिशवी उचललीत आणि स्टँडपर्यंत आलात. मी तुमच्याकडं बघितलं नाही. पण तुम्ही गाडीची पाटी वाचलीत, मग कंडक्टरला विचारलंत, मग परत पाटी वाचलीत, हे मला दिसलं. तेव्हा मला ते बघून राग आला होता. एवढा राग मला त्या गुडघा मारणाऱ्या पोरीचाही आला नव्हता. म्हटलं, स्वप्नालीनं केलं असतं तर समजू शकले असते, तिला जागा हवी होती. वहिनीनं केलं असतं तर तिचं कामच ते. ज्या माणसानं सगळ्या पेठेशी भांडून मला मैदानावर पाठवलं, त्यानंच मला चोरून मैदानाबाहेर काढावं? आणि वर माझ्या पुढ्यात बसून म्हणावं, कुणीबी सांगितलं असंल?

इथं आल्यावर पहिले काही दिवस मी मावशीशीही धड बोलले नाही. मला वाटायचं, तुम्हीच तिला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. (सांगितलंय ना? ती माझ्या उशाला पाण्याचा तांब्या ठेवते आणि जाताना माझ्या डोळ्यांत बघते, वहिनीसारखं. असू दे.) कोलंबोच्या सामन्याच्या दिवशी तिनंच मोबाईलवर बघून मला सांगितलं की आपण थोडक्यात हरलो. खरं सांगते, ऐकल्याबरोबर मला बरं वाटलं. मग स्वतःची शिसारी आली. संध्याकाळी मावशीच्या फोनवर स्वप्नालीचा फोन आला. म्हणाली, श्रीलंकेच्या एका पोरीनं मला असं उचलून टाकलं की तारे दिसले, मी सरळ हात वर केला आणि बाहेर आले, डॉक्टरांनी तपासून परत सोडलं. "तुझ्यामुळं केला हात वर," ती म्हणाली, "न्हायतर मी कशाला सांगतोय." मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे की," आणि खरंच जाऊ दिलं तिनं. वहिनीशी मला समोर बसूनच बोलावं लागेल.

परवा मावशी मला इथल्या डॉक्टरांकडं घेऊन गेली होती, नुसतं दाखवायला. त्यांनी मला हाताच्या मुठी करून दाखवलं की आत काय झालं असेल, आणि पहिला मार भरून यायच्या आत तसाच दुसरा बसला असता तर काय झालं असतं. मावशी तिथंच पदर तोंडाला लावून बसली. मी ते इथं लिहीत नाही. तुम्हाला ते कुणी न सांगताच समजलं होतं, असं मला वाटतं. राग गेला का, असं विचाराल तर पूर्ण गेलेला नाही. तुम्ही मला तोंडावर सांगायला हवं होतं, की मी पुण्याला गेलतो, मीच सांगितलं. मी आकांत केला असता, ताट फेकलं असतं. तरीही. एवढे आठवडे मी घरातल्या एकेका माणसाकडं चोरासारखं बघत होते आणि तुम्ही ते बघत होता, तेवढं मला अजून सलतं. ते तुम्हाला कळावं म्हणूनही लिहिलं.

पण पत्र लिहायला बसले ते त्यासाठी नव्हे. येत्या गुरुवारी कोल्हापुरात मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांकडं माझी तपासणी आहे. त्यांनी होकार दिला तर मला हळूहळू पळायला परवानगी मिळेल, मग सरावाला, आणि हिवाळ्यातल्या दौऱ्यासाठी माझा विचार होऊ शकेल, असं मॅडम म्हणाल्या. सगळ्यांना मी सांगते आहे की आता डोकं दुखत नाही. मावशीलाही तेच सांगितलंय, मॅडमनाही. आण्णा, ते खरं नाही. अजून दुखतं. काल मावशीच्या अंगणात उभी राहून मला तिच्या सुनेचं नाव आठवेना. आणि मला पक्कं माहीत आहे की गुरुवारी ते डॉक्टर विचारतील तेव्हा मी हसून म्हणेन, काही नाही, एकदम बरं आहे. मी ते म्हणणारच, कारण मला खेळायचं आहे. स्वतःला ओळखते मी. म्हणून तुम्ही कामावर सुट्टी टाका आणि माझ्याबरोबर चला. बाहेर बाकावर थांबू नका, आत या, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसा. मी खोटं बोलायला लागले की मध्ये बोला. मी डोळे वटारले तरी बोला. बुधवारी संध्याकाळी मला न्यायला या, जाताना गाडी तुम्हीच बघा.

तुमचीच,
संयु